‘सी’ सर्टिफिकेटनं लेखी परीक्षा वाचते, एसएसबी वाचत नाही

एनसीसीच्या मुलांमध्ये एक वाक्य कायम फिरत असतं: ‘सी’ (एनसीसीचं सर्वांत वरचं सर्टिफिकेट) झालं की डायरेक्ट ऑफिसर. यातला ‘डायरेक्ट’ खरा आहे, पण एसएसबीच्या, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या बोर्डाच्या, दारापर्यंतच. आत गेल्यावर सर्टिफिकेट फाईलमध्ये राहतं आणि तीन वर्षं परेड ग्राउंडवर तुम्ही नेमकं काय केलंत ते बाहेर यायला लागतं. म्हणून ही तीन वर्षं कशी वापरायची, यावरच हे लिहितोय.

आधी नियम. लष्कराच्या एनसीसी स्पेशल एन्ट्रीला सीडीएसची (यूपीएससीची अधिकारी भरतीची) लेखी परीक्षा नसते. वय १९ ते २५, अविवाहित, पदवीला किमान ५० टक्के आणि ‘सी’ सर्टिफिकेट किमान बी ग्रेडचं. शेवटच्या वर्षातल्यांनाही अर्ज करता येतो, पण आधीच्या वर्षांची सरासरी ५० टक्के हवी. भरती वर्षातून दोनदा निघते, मुलगे आणि मुली दोघांसाठीही. निवड झाली की चेन्नईच्या ओटीएत (ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत) ४९ आठवडे प्रशिक्षण, मग शॉर्ट सर्व्हिस कमिशन: १० वर्षं आणि पुढे ४ वर्षांची मुदतवाढ मिळू शकते.

गणित चुकतं ते पहिल्याच वर्षी. सीनियर डिव्हिजन (कॉलेजची मुलं) किंवा सीनियर विंगचं (मुली) प्रशिक्षण तीन वर्षांचं. ‘बी’ची परीक्षा दुसऱ्या वर्षी, ‘सी’ची तिसऱ्या. ‘बी’साठी एक कॅम्प, ‘सी’साठी दोन, आणि परेडची हजेरी ७५ टक्के. एफवायला कॉलेज बघण्यात वेळ गेला आणि एसवायला नाव घातलं, तर तीन वर्षांच्या डिग्रीत ‘सी’ बसवताना धावपळ होते. दहा दिवसांचा सीएटीसी (एकत्रित वार्षिक प्रशिक्षण) कॅम्प सेमिस्टरच्या परीक्षेवर आला की मुलं तो सोडतात आणि ‘पुढच्या वर्षी करू’ म्हणतात. पुढच्या वर्षी दोन्ही कॅम्प अंगावर येतात. पहिला कॅम्प पहिल्याच वर्षी उरकावा.

‘सी’ची परीक्षा ५०० गुणांची: ड्रिल, वेपन ट्रेनिंग, सामान्य विषय आणि स्पेशल सब्जेक्ट. ए ग्रेडच्या मागे लागावं, पण त्यापलीकडेही काही आहे.

ड्रिलचंच घ्या. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या, पंजांमध्ये ३० अंशांचा कोन. विश्राममध्ये पायांत १२ इंचांचं अंतर. हे पाठ कुणालाही होतं. खरी कसोटी पुढे उभं राहून वर्ड ऑफ कमांड देण्यात आहे. हुकमाचे दोन भाग असतात: ‘दाहिने’ म्हणजे सूचना, ‘मुड़’ म्हणजे अंमल. नवखा कॅडेट दोन्ही एका दमात ओढतो, मग तीसजणांचा स्क्वॉड तीस वेगवेगळ्या वेळी वळतो. मध्ये ठरावीक थांबा हवा, दुसरा शब्द आखूड आणि पोटातून हवा. घशातून ओरडणाऱ्याचा आवाज दुसऱ्या दिवशी बसलेला असतो. चालत्या स्क्वॉडला चुकीच्या पायावर ‘थम’ दिला की रांगा विस्कटतात, आणि चूक देणाऱ्याची असली तरी राग स्क्वॉडवर निघतो. तिथे ‘जैसे थे’ म्हणून शांतपणे पुन्हा हुकूम देता आला, तर तो कॅडेट पुढे ग्रुप टास्कमध्येही फार घसरत नाही. म्हणून पीआय स्टाफला (एनसीसीत शिकवणाऱ्या लष्करी प्रशिक्षकांना) सांगून आठवड्यातून दहा मिनिटं तरी स्क्वॉड मागून घ्या. हवालदार मंडळी नाही म्हणत नाहीत. मागणारेच कमी असतात.

फायरिंगला पॉइंट टू-टू रायफल, २५ यार्डांवर, ग्रुपिंगचे पाच राउंड. बुल्सआयला एक गोळी लागली म्हणून उड्या मारणाऱ्यापेक्षा कोपऱ्यात का होईना, पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत ठेवणारा चांगला नेमबाज. अख्खा ग्रुप एका बाजूला गेला तर दोष साइटचा किंवा एमचा (नेमाचा), तो सुधारतो. गोळ्या विखुरल्या तर दोष शरीराचा: श्वास चालू असताना ट्रिगर दाबला, बोटानं ओढण्याऐवजी झटका दिला, किंवा गोळी सुटताच डोकं वर केलं. अर्धा श्वास सोडून थांबायचं, ट्रिगर हळूहळू मागे घ्यायचा, आवाज झाल्यावरही क्षणभर तसंच राहायचं.

मॅप रीडिंग बहुतेक जण गुणांपुरतं करतात आणि तिथेच चुकतात, कारण एसएसबीच्या ग्रुप प्लॅनिंगमध्ये नकाशाची समजच कामाला येते. १:५०,००० च्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. सहा अंकी ग्रिड रेफरन्स १०० मीटरपर्यंत जागा सांगतो, म्हणजे कागदावर फक्त २ मिलिमीटर. पेन्सिल बोथट असली तरी उत्तर चुकतं. ईस्टिंग (पूर्वेकडे वाढणारा आकडा) आधी, नॉर्दिंग (उत्तरेकडे वाढणारा) नंतर; उलटं लिहिलं की पार्टी भलत्याच टेकडीवर. बॅक बेअरिंगला (उलट दिशेच्या कोनाला) मूळ बेअरिंग १८० पेक्षा कमी असेल तर १८० मिळवा, जास्त असेल तर वजा करा. आणि कंपास धरताना खिशातला मोबाईल, बेल्टचं बक्कल, हातातली रायफल दूर ठेवा. सुई लोखंडाकडे वळते आणि बेअरिंग फसतं.

पण माणूस बदलतो तो कॅम्पमध्ये, आणि मंचावर कमी, लाइन एरियात (राहण्याच्या जागेत) जास्त. सार्जंट, सीएसएम (कंपनी सार्जंट मेजर), अंडर ऑफिसर या रँकांचं आकर्षण फितीपुरतं असेल तर हाती काही लागत नाही. कॅम्पात ड्युटी लिस्ट करायला घ्या. चारशे कॅडेट, मेसला किती, गार्डला किती, पाण्याच्या टँकरपाशी किती, कालची रात्रपाळी केलेल्याला आज सूट द्यायची की नाही. हे जुळवताना दोन गोष्टी हटकून बिघडतात. आपल्या कॉलेजच्या पोरांना सोपी ड्युटी दिली जाते, ती सगळ्यांना दिसते आणि मग शब्दाला वजन राहत नाही. दुसरी म्हणजे, जे ऐकतात त्यांच्याकडूनच सगळं काम करून घेतलं जातं. चौथ्या दिवशी ते थकतात आणि चुकार मंडळी ताजीतवानी असतात. हे ओळखून यादी फिरती ठेवणारा कॅडेट जे शिकतो ते कुठल्याही क्लासमध्ये मिळत नाही. आरडीसीला (प्रजासत्ताक दिनाच्या कॅम्पला) दिल्लीला जाऊन आलेला प्रत्येक जण एसएसबीत निघतोच असं नाही, याचं कारणही इथेच आहे. उत्तम ड्रिल करणं आणि माणसं सांभाळणं ही दोन वेगळी कामं.

महाराष्ट्र डायरेक्टोरेटमध्ये मुंबई ए, मुंबई बी, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर (आधीचं औरंगाबाद), अमरावती, नागपूर असे ग्रुप आहेत (गोवा कर्नाटकाबरोबर आहे). कॅम्पात दुसऱ्या भागातल्या मुलांमध्ये मिसळा. कोल्हापूरच्यानं आठ दिवस कोल्हापूरकरांतच काढले, तर तो घरीच राहिला असता तरी चाललं असतं.

आता एसएसबी. पाच दिवस. पहिल्या दिवशी ओआयआर म्हणजे बुद्धिमापन, आणि पीपीडीटी: धूसर चित्र ३० सेकंद, पात्रांच्या नोंदीला १ मिनिट, गोष्टीला ४ मिनिटं, मग गोष्ट सांगून गटचर्चा. बरेच जण इथूनच दुपारी घरी जातात. आपली मुलं बहुतेकदा चर्चेत अडकतात. गोष्ट चांगली असते, पण इंग्रजीत तोंड उघडायला उशीर होतो आणि तोवर मासळीबाजार झालेला असतो. तिथे ओरडून उपयोग नाही. दोन बोलणाऱ्यांच्या मध्ये एक नेमका मुद्दा, ‘चित्रात तीन माणसं आहेत यावर सगळ्यांचं एकमत आहे, आता ते काय करतायत ते ठरवू’ एवढा, पुरतो. यासाठी कॉलेजात रोज अर्धा तास इंग्रजी बोलणारे चार मित्र जमवा. व्याकरण चुकलं तर चालतं, गप्प बसलेलं चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्र. टीएटीत चित्रं बघून १२ गोष्टी लिहायच्या, त्यातलं शेवटचं चित्र कोरं. वॅटमध्ये ६० शब्द, प्रत्येकावर वाक्य लिहायला १५ सेकंद. एसआरटीत ६० प्रसंग, तुम्ही काय कराल ते लिहायला ३० मिनिटं. शेवटी स्वतःचं वर्णन, १५ मिनिटं. क्लासवाल्यांनी घोटून घेतलेला नायक इथे पटकन ओळखू येतो: प्रत्येक चित्रात पूर आणतो, रक्तदान शिबिर भरवतो, शेवटी पदक घेतो. बारा गोष्टींत बारा पदकं. त्यापेक्षा तुमच्या कॅम्पातला बिघडलेला टँकर घ्या: कुणाला फोन केला, तोवर पाणी कसं वाटलं, किती वाजता सुरळीत झालं. एसआरटीतही असंच, कृती लिहा, चार-सहा शब्दांत, आणि पुढे चला. सुविचार लिहू नका.

ग्राउंडवर जीटीओ (गटाची कामं देऊन पारखणारा अधिकारी) असतो. प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्कमध्ये एकामागून एक चार अडथळे. फळी, बल्ली, दोरी आणि बरोबर न्यायचा लोड. लाल रंगाला माणूस किंवा सामान लागता कामा नये, चार फुटांहून जास्त उडी नाही, कडक वस्तूला कडक वस्तू बांधायची नाही. फळी पुढे काढताना आतल्या बाजूची लांबी जास्त ठेवा आणि मागच्या टोकावर कुणालातरी उभं करा. गटातला सगळ्यात जड गडी तिथे शोभतो. इथे कल्पना देणारे बरेच, फळी धरणारे थोडे. लाल भागाला पाय लागला आणि कुणी पाहिलं नाही, तरी मागे येऊन पुन्हा सुरू करा, पाहिलेलं असतंच. कमांड टास्कसाठी, जिथे नेता तुम्ही असता, दोन साथीदार निवडताना दोस्ती बघू नका, काम बघा. वैयक्तिक अडथळे दहा, वेळ तीन मिनिटं. जड गुणांचे आधी मारायचे की जवळचे, हे रांगेत उभं असतानाच ठरवून ठेवा.

मुलाखत पीआयक्यू फॉर्मवरून (तुम्हीच भरलेल्या वैयक्तिक माहितीवरून) होते. एनसीसीतली रँक, कॅम्प, जबाबदाऱ्या सगळं त्यात असतं. सीएसएम लिहिलं आणि ‘कंपनीत कॅडेट किती, गैरहजेरीवर तुम्ही काय केलंत?’ यावर अडखळलात, तर फॉर्म कोरा असता तर बरं झालं असतं.

सरावासाठी नाशिकरोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र हा सर्वांत दुर्लक्षित पर्याय. सैनिक कल्याण विभागाचं आहे, एसएसबीचा कोर्स विनामूल्य, ए किंवा बी ग्रेडचं ‘सी’ असलेल्यांना पात्रता मिळते. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची. हजारो रुपये भरून बाहेर क्लास लावण्याआधी इथे जाऊन या.

शरीराचं थोडक्यात. एसएसबीत पळण्याची परीक्षा नाही, म्हणून पळणं सोडू नका. ओटीएत पहिल्या आठवड्यातच उघडं पडतं. २.४ किलोमीटर साडेदहा मिनिटांत हे लक्ष्य धरा. डांबरी रस्त्यावर ड्रिलचे बूट घालून पळाल तर नडगी दुखायला लागेल. माती आणि साधे बूट बरे. वैद्यकीय तपासणीत सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणं, नाकाचा वाकडा पडदा, कानातला मळ, जास्त वजन यावरून अडतं. यातल्या निम्म्या गोष्टी आधी डॉक्टरकडे गेलं तर सुटतात, म्हणून पहिल्या वर्षीच एकदा दाखवून घ्या. अनफिट ठरलात तर अपील मेडिकल बोर्डाला ४२ दिवसांची मुदत असते.

कागदपत्रांत आपल्याकडचा एक खास घोळ आहे. राज्य मंडळाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी, आणि एनसीसीच्या नोंदीत वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. अर्जात नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणे लागतं. एनरोलमेंटचा फॉर्म भरतानाच ते तसं लिहा. ‘सी’ सर्टिफिकेट छापून आल्यावर दुरुस्ती करायची तर कॉलेज, बटालियन आणि ग्रुप हेडक्वार्टर अशा फेऱ्या सुरू होतात, आणि अर्जाची शेवटची तारीख तुमच्यासाठी थांबत नाही.