आठ जणांनी हात वर केले

गेटवरच्या मशीनला कार्ड लावलं की रोज हिरवा दिवा लागतो. त्या शुक्रवारी लाल लागला. सकाळचे आठ पन्नास झाले होते आणि छोट्या पडद्यावर जर्मनमध्ये एकच ओळ होती: विश्रांतीची वेळ अपुरी. आदल्या रात्री आमचं रिलीज होतं, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सोडायची होती, मी घरून अकरा चाळीसला लॅपटॉप मिटला होता. इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, कायद्याप्रमाणे एका दिवसाचं काम संपल्यावर दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत सलग ११ तास जावे लागतात. म्हणजे दहा चाळीसच्या आधी मला कामाला हात लावायला मनाई होती. आणि आमचं स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, सव्वानऊला.

मला राग आला. त्या रात्री जागून काम करा असं आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं. आमचं आम्हीच ठरवलं होतं.

मी २०१८ मध्ये पुण्याहून स्टुटगार्टला आलो. त्याआधीची नऊ वर्षं हिंजवडीत गेली. तिथे एस्टिमेट वरून ठरून यायचं, सुट्टीसाठी मॅनेजरचा मूड बघून मेल टाकावा लागायचा, आणि 'क्लायंटला शब्द दिलाय' म्हटलं की पुढे बोलायला जागा उरायची नाही. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की आमच्या टीमला साहेबच नाही. आम्ही आठ जण. काय हवंय ते प्रॉडक्ट ओनर सांगतो. ते कसं करायचं, कुणी करायचं, दोन आठवड्यांत किती होईल, हे आठ जण बसून ठरवतात. नवा माणूस घ्यायचा तर मुलाखतही आम्हीच घेतो. सुट्ट्या एका कॅलेंडरवर मांडून आपसात जुळवतो. विभागप्रमुखापासून सगळ्यांशी अरे-तुरे. पहिले सहा महिने घरी फोन केला की मी हेच सांगत असायचो: 'झालं का' असं इथे मला कुणी विचारत नाही, 'कसं करूया' असं विचारतात.

काम करायची याहून चांगली पद्धत मला अजून दिसलेली नाही. पुढे जे लिहितोय ते वाचताना हे लक्षात असू द्या.

तर त्याच सुमारास, २०२३ च्या शरद ऋतूत, आम्ही आणखी एक गोष्ट ठरवली होती. दर दोन आठवड्यांनी आमची रिट्रो होते. काय जमलं, काय नाही, यावर मोकळेपणाने बोलायची बैठक. त्यात कुणीतरी म्हणालं की आपण मागे का पडतोय ते कळत नाही, तेव्हा कुणाकडून किती कामं पूर्ण झाली ते मोठ्या स्क्रीनवर दिसलं तर बरं. कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर होतंच, त्यातून नावनिशीवार आलेख काढायचा होता, एवढंच. मला कल्पना पटली. हात वर करून मत घेतलं. माझा हात पहिल्या दोघा-तिघांत होता. आठच्या आठ हात वर गेले.

चार दिवसांत बेट्रिब्सराटचं पत्र आलं: आलेख बंद करा, आणि या विषयावर भेटू. रात्रीच्या रिलीजचा मुद्दाही त्याच भेटीत घ्यायचं ठरलं.

बेट्रिब्सराट म्हणजे काय, हे मी बाबांना समजावलं तसंच इथे सांगतो. बाबांची हयात चिंचवडच्या कारखान्यात गेली, ते युनियनच्या कमिटीवरही होते, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे युनियनच ना?" नाही. युनियन कंपनीबाहेरची, तिचं सभासद व्हायचं की नाही ते आपल्या मनावर. बेट्रिब्सराट हे कंपनीच्या आतलं, सगळ्या कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेलं मंडळ. पाच कायम कर्मचारी असले तरी निवडता येतं. त्याला संप पुकारता येत नाही, कायद्यानेच बंदी आहे. पण काही बाबतींत त्याच्या संमतीशिवाय मालकाचं पान हलत नाही: कामाच्या वेळा, जादा काम, आणि कर्मचाऱ्याच्या वागणुकीवर किंवा कामगिरीवर नजर ठेवता येईल असं कुठलंही तांत्रिक साधन. यावर बाबा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्हाला त्यासाठी गेटवर बसावं लागायचं."

हे इथल्या लोकांनाही फुकट मिळालेलं नाही. पहिला कायदा १९२० चा. जानेवारीत तो बर्लिनच्या संसदेत चर्चेला होता तेव्हा बाहेर हजारो कामगार जमले होते. कायदा फार दुबळा आहे, ही त्यांची तक्रार. गोळीबार झाला, ४२ माणसं गेली. १९३४ मध्ये नाझींनी ही मंडळंच मोडून काढली. आजचा कायदा १९५२ चा, १९७२ मध्ये नव्याने लिहिलेला.

भेटीला त्या मंडळाच्या एक बाई आल्या. वय पन्नाशीच्या पुढे, अनेक वर्षं जोडणी विभागात काम केलेल्या, हातात चौकटीच्या कागदांची वही. मी तयारीनिशी गेलो होतो. म्हटलं, आमच्यावर कुणी काही लादलेलं नाही, आम्ही स्वयंशासित टीम आहोत, आमचा निर्णय एकमताचा आहे, तुम्ही मध्ये का येता? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर्वांत शेवटी हात कुणाचा वर गेला?"

मला आठवलं. खोलीतल्या बऱ्याच जणांना आठवलं असावं, कारण कुणीच बोललं नाही.

आमच्यात एक सहकारी आहे, तिचं बाळ तेव्हा दोन वर्षांचं होतं. त्याला पाळणाघरातून आणायला ती रोज साडेतीनला निघायची. इथे धातू आणि वाहन उद्योगात करारानुसार आठवडा ३५ तासांचा असतो आणि ती लवकर येऊन आपले तास भरत होती. आलेखात तिची पट्टी सगळ्यांत बुटकी. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही एकाच ट्रामने निघालो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली की आलेख लागल्यापासून ती बाळ झोपलं की नऊ वाजता पुन्हा लॉगिन करत होती, घड्याळात नोंद न करता. मी विचारलं, मग हात का वर केलास? ती म्हणाली, "सात हात वर होते."

साहेबाला नाही म्हणणं अवघड, हे मी हिंजवडीत शिकलो होतो. पण साहेब दूर असतो. त्याच्यावर चिडता येतं, जेवणाच्या टेबलावर चार शिव्या हासडता येतात, बाकीचे आपल्या बाजूने असतात. इथे नाही म्हणायचं ते शेजारी बसणाऱ्यांना, ज्यांच्याशी अरे-तुरे आहे, जे वाढदिवसाला केक घेऊन येतात. तक्रार घेऊन जायलाही कुणी नाही, कारण ठरवणाऱ्यांत आपणही होतो. आमच्या मोकळेपणाला ही बाजू आहे हे पाच वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि यात मी नुसता बघणारा नव्हतो. पहिल्या हातांत माझा हात होता.

घरी येऊन मी कायदा काढून वाचला. माझं जर्मन कामापुरतं, त्यामुळे दोन रात्री लागल्या. त्यात कलम ८७ मधला तेरावा मुद्दा सापडला. एखादा गट त्याला सोपवलेलं काम मुख्यतः स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडत असेल, तर अशा गटकामाच्या तत्त्वांबाबत बेट्रिब्सराटला सहनिर्णयाचा हक्क आहे. हा मुद्दा २००१ च्या दुरुस्तीत आला. सरकारने तेव्हा दिलेलं कारण वाचून मी थबकलो: गटाच्या आतल्या दबावामुळे माणसं स्वतःचंच शोषण करू लागतील आणि कमी वेगाचे सहकारी बाजूला पडतील, हा धोका. त्याच २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटाच्या डोंगरात सतरा जणांनी आमच्या आजच्या कार्यपद्धतीचा, 'अजाइल'चा, जाहीरनामा लिहिला. चांगली रचना स्वतःचं काम स्वतः आखणाऱ्या टीममधून येते, असं त्यात आहे. आमच्या भिंतीवर ते वाक्य लावलंय. कायम टिकवता येईल अशाच वेगाने काम करावं हेही त्याच जाहीरनाम्यात आहे. ते वाक्य भिंतीवर नव्हतं.

पुढे सहा आठवडे चर्चा चालली आणि एक लेखी करार झाला. आलेख राहिला, पण नावांशिवाय: काम कुठे अडलंय ते दिसतं, कुणापाशी ते नाही. रात्रीचं रिलीज वर्षातून ठरावीक वेळाच, आणि दुसऱ्या दिवशीचं स्टँडअप आपोआप अकराला. कुणाला जमत नसेल तर कारण न सांगता नाही म्हणता येतं, तेही टीमसमोर नव्हे, आधीच खासगीत. बाकी सगळं पूर्वीसारखं आमच्याच हातात.

सगळं छान झालं असं मात्र नाही. त्यानंतर आम्हाला ऑनलाइन फळ्यासारखं एक साधं सॉफ्टवेअर हवं होतं, एकत्र आकृत्या काढायला. मंजुरीला सात आठवडे लागले. माहिती संरक्षणाचा फॉर्म, मग बेट्रिब्सराटची उपसमिती, मग कुणीतरी सुट्टीवर. पोर्तुगालहून आलेला आमचा सहकारी तेव्हा कागदावर आकृत्या काढून फोटो पाठवत होता आणि त्याची चिडचिड रास्त होती. कुणावर नजर ठेवणारं साधन आणि नुसता फळा, दोन्हींना एकच चाळणी लावली तर माणसं चाळणीला वळसा घालायला शिकतात, आणि मग खरोखर अडवायला हवं तेही त्याच वाटेने निसटतं. खरं तर शंभराहून जास्त कर्मचारी असतील तिथे बेट्रिब्सराटला आपले काही अधिकार कामाच्या गटांकडेच सोपवता येतात, याच कायद्याच्या कलम २८अ खाली. आमच्याकडे ते कुणी वापरलेलं नाही. वापरावं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणूनच मी २०२६ च्या निवडणुकीला उभा राहतोय. दर चार वर्षांनी मार्च ते मे दरम्यान ही निवडणूक होते. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, इथल्या संसदेसाठी मला मत नाही. पण बेट्रिब्सराटसाठी नागरिकत्व कुणी विचारत नाही. सहा महिने नोकरी झालेला, अठरा वर्षांचा कुणीही उभा राहू शकतो. इथे येणाऱ्या आपल्या मुला-मुलींपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं. आपण परके, आपल्याला काय त्याचं, म्हणून मतही न दिलेले माझ्या ओळखीचेच पाच-सहा जण आहेत. २०२२ मध्ये मीही दिलं नव्हतं.

रविवारी बाबांना हे सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, नोकरीला धोका नाही ना. म्हटलं, उमेदवाराला कायद्याचं खास संरक्षण असतं, काळजी करू नका. मग म्हणाले, "अर्जावर सह्या लागतात?" लागतात. "पहिली कुणाची घेतलीस?"

पहिली तिचीच. तिने दुपारी साडेतीनला, जॅकेट चढवता चढवता केली. तिने कप विसळून खिडकीत उपडा ठेवला आणि ती निघून गेली. बाकीचे स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले होते, कुणी मान वर करून घड्याळ पाहिलं नाही.