काळा धूर आणि पॅकिंगची दोन भोकं

गाडी 1964 ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 1798 सीसी, दोन कार्बोरेटर, एसयू कंपनीचे, मॉडेल एचएस4. इंजिन पूर्ण उतरवून बांधलेलं: पिस्टन, रिंगा, बेअरिंग, कॅम, टॅपेट सगळं नवं. हे काम दुसरीकडे झालं होतं. गोव्यात फोंड्याला आमच्या गॅरेजमध्ये आली तेव्हा तक्रार एकच होती. स्लो (गाडी उभी असतानाचं इंजिन) बरा आहे, पण फर्मागुढीचा चढ लागला की दम सोडते आणि मागून काळा धूर मारते. कार्बोरेटर त्याआधी दोनदा सेट करून झाले होते. "पात्रांव (साहेब), कार्बच बदलूया का?" असं मालकांनी आल्या आल्या विचारलं.

एसयूला हात सगळ्यांत शेवटी लावायचा असतो. आधी कॉम्प्रेशन बघितलं. चारही सिलिंडर एकमेकांच्या 10 पीएसआयच्या आत, म्हणजे बांधणी चांगली. मग इंजिन थंड असताना टॅपेट, म्हणजे वॉल्वच्या टोकाशी ठेवायची फट, 0.015 इंच. या इंजिनात आठ वॉल्व आहेत आणि नऊचा हिशेब चालतो: पहिला वॉल्व पूर्ण उघडा असेल तेव्हा आठवा सेट करायचा, दुसरा उघडा तेव्हा सातवा. दोन टॅपेट घट्ट निघाले. नव्या इंजिनात हे व्हायचंच, कारण हेडची पॅकिंग बसते. म्हणून हेडचे नट 45 ते 50 फूट-पाउंडवर तपासल्याशिवाय टॅपेटला फिलर (फट मोजायची पट्टी) लावण्यात अर्थ नाही. पॉइंटचा गॅप 0.015, प्लगचा 0.025, ठिणगीचं टायमिंग पिस्टन माथ्यावर पोचायच्या 10 अंश आधी. टायमिंग मागे असलं तरी गाडी चढावर अशीच मरते आणि शिव्या कार्बोरेटरला बसतात.

नंतर हवा कुठून चोरली जाते ते शोधलं. मॅनिफोल्डच्या जोडावर आणि थ्रॉटलच्या स्पिंडलच्या टोकांवर कार्ब क्लीनरचा थोडा फवारा मारायचा, तोही इंजिन फार तापलेलं नसताना आणि अग्निशामक हाताशी ठेवून. स्लो बदलला तर तिथून हवा आत जातेय. इथे काही बदललं नाही.

मग दोन्ही डॅशपॉट काढले, म्हणजे कार्बवरच्या टोप्या. त्यांच्यात कार्बचं स्वतःचं पिस्टन वरखाली होतं, आणि त्याच्या तळाची निमुळती नीडल पेट्रोलच्या जेटमध्ये शिरते. एकाचं पिस्टन दुसऱ्यात घालायचं नाही, ते जोडीनेच घासलेले असतात. नीडलवरचा नंबर दोन्हीकडे एकच आणि नीडलचा खांदा पिस्टनच्या तळाशी सपाट हवा. पुढच्या कार्बचं पिस्टन वर उचलून सोडलं तर 'टक्' आवाज आला नाही. नीडल जेटला घासत होती. जेटचा लॉकनट सैल करून, पिस्टन खाली दाबून जेट मधोमध आणलं आणि नट आवळला. स्वच्छ 'टक्' येईपर्यंत हे तीनदा करावं लागलं. वरून डॅशपॉटमध्ये एसएई 20 तेल.

जेट ब्रिजशी (कार्बच्या गळ्यातल्या उंचवट्याशी) सपाट आणून त्याखालचा सहाकोनी नट 12 बाजू, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली. जेट जितकं खाली तितकं पेट्रोल जास्त. पुस्तकात सुरुवात इथून आहे. पण पंपावर आता ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. साध्या पेट्रोलला वजनाने 14.7 भाग हवा लागते, ई20 ला साधारण 13.5. त्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं, म्हणून आम्ही 14 बाजूंवरून सुरुवात करतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी असेल तर टाकीतलं पेट्रोल आधी काढून टाकायचं. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं आणि जास्त झालं की पाण्यासकट तळाशी बसतं. इंधनाच्या नळ्याही ई20 ला चालणाऱ्याच घालाव्यात; जुनं रबर आतून सुटतं आणि त्याचा कण फ्लोटच्या नीडलखाली अडकतो.

इंजिन गरम झाल्यावर दोन कार्बना जोडणाऱ्या दांडीचे क्लॅम्प सैल केले. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांशी धरून फुसकारा सारखा होईपर्यंत स्लो स्क्रू फिरवले. मग मिश्रण. बाजूच्या पिनने पिस्टन जेमतेम 0.8 मिलिमीटर उचलायचं. स्लो वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन गळपटलं तर कमी, किंचित वाढून जागेवर आला तर बरोबर. जास्त उचललं तर खोटं उत्तर मिळतं; बहुतेक सेटिंग इथेच बिघडतात. एक कार्ब हलवला की दुसरा पुन्हा बघावा लागतो.

एवढं करून हवेचे फिल्टर न लावताच, फक्त एकदा, फर्मागुढी चढून आलो. गाडी सुरेख ओढली. धूर नाही. फिल्टर लावले, तोच चढ, तोच काळा धूर!

फिल्टरचे कागद तर नवे होते. मग फिल्टर आणि कार्बच्या मधली पॅकिंग काढून बघितली. एचएस4 च्या तोंडावर वरच्या बाजूला दोन बारीक भोकं असतात. पिस्टनच्या खालच्या पोकळीत बाहेरची हवा तिथून जाते. वर इंजिनाची ओढ आणि खाली हवेचा दाब, या फरकानेच पिस्टन उचललं जातं. पॅकिंगलाही तशीच दोन भोकं आहेत, पण बोल्टच्या जागा सारख्या असल्यामुळे ती उलटीही बिनबोभाट बसते. दोन्हीकडे ती उलटी बसवली होती आणि भोकं बुजली होती. स्लोवर हवा थोडी लागते, म्हणून तिथे चालून जातं. चढावर पिस्टन पुरतं वर येत नाही, वाट अरुंद राहते, जेटवर ओढ वाढते आणि हवा कमी, पेट्रोल जास्त असं होतं. याआधीची दोन्ही सेटिंग फिल्टर बाजूला ठेवून केलेली असणार. तसं केलं तर हा दोष कधीच दिसत नाही.

पॅकिंग फिरवायला दहा मिनिटं लागली. फिल्टरसकट पिनची परीक्षा पुन्हा घेतली. मागच्या कार्बचा नट एक बाजू वर घ्यावा लागला. चढाच्या माथ्यावर, रस्ता मोकळा बघून, क्लच दाबून इग्निशन बंद केलं आणि गाडी कडेला घेऊन प्लग काढले. चारही फिकट तपकिरी. दोन्ही पॅकिंगांच्या वरच्या कडेला पांढऱ्या रंगाचा ठिपका लावून ठेवला.

कॅम नवा आहे, म्हणून स्लोवर फार वेळ उभी ठेवू नका असं मालकांना सांगितलं. 500 किलोमीटर झाले की हेडचे नट, मग टॅपेट, मग पुन्हा दोन्ही कार्ब, याच क्रमाने.