पाच लिटर थंडाई, ट्रान्सहार्बरने

"तिरकी धरू नकोस रे, सांडेल!" नेरूळहून गाडी सुटल्यापासून घणसोली येईपर्यंत आत्याने हे मला किमान दहा वेळा तरी ऐकवलं असेल. मांडीवर पाच लिटरची स्टीलची किटली, किटलीभोवती बर्फाची पिशवी, पिशवीभोवती जुना टॉवेल आणि टॉवेलमधून माझ्या पँटवर ठिबकणारं गार पाणी. रविवार असल्यामुळे बसायला जागा मिळाली एवढंच नशीब. समोरच्या बाईंनी शेवटी न राहवून विचारलंच, "दूध का?" आत्या म्हणाली, "थंडाई. स्पर्धेला चाललोय." मग रबाळ्यापासून दिघा गावापर्यंत त्या दोघींचं मगज बी सोलावं की अख्खं वाटावं यावर जे चाललं, त्यात आम्हा पुरुषांना प्रवेश नव्हता.

आम्ही म्हणजे मी आणि आत्याचा मुलगा मंदारदादा. तो बारा वर्षं कॅलिफोर्नियात असतो, महिनाभर सुट्टीवर आलाय. आत्या इंदूरला दिलेली. चाळीस वर्षं तिथे काढून आतोबांच्या माघारी नेरूळला आली, पण होळीची थंडाई तिने कधी चुकवली नाही. ठाण्यात तलावपाळीजवळच्या एका मंडळाने होळीच्या आधीच्या रविवारी घरगुती थंडाईची स्पर्धा ठेवली आहे, हे तिला कुठल्यातरी भिशीत कळलं. नाव नोंदवायला फोन केला तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "भांग चालेल ना?" पलीकडचा कार्यकर्ता काही क्षण गप्पच झाला.

त्याची चूक नाही. इंदूर-उज्जैनला भांगेची परवान्याची दुकानं राजरोस उघडी असतात. महाकालाचा तर भांगेने शृंगार होतो. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने झाडाचे तुकडे पाडले : फुलोरा म्हणजे गांजा, त्याचा चीक म्हणजे चरस, हे दोन्ही गुन्हा. नुसती पानं मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली आणि त्यांचं काय करायचं ते राज्यांवर सोडलं. आपल्याकडे परवान्याशिवाय भांग चालत नाही. गंमत अशी, की थंडाईत बिनदिक्कत पडणारी खसखस हे अफूच्याच बोंडातलं बी. इथे वाण्याकडे मिळते, पण दुबईला जाताना बॅगेत सापडली तर पंचाईत. आदल्या आठवड्यात वाशीच्या मसाला मार्केटमध्ये आम्ही तीच घ्यायला गेलो होतो. खसखस बदामापेक्षा महाग निघाली आणि आत्याने दुकानदाराला त्याबद्दल असं झापलं, जणू भाव तोच ठरवतो.

ठाण्याला उतरलो. जिना चढताना झाकण हललं आणि वाटीभर थंडाई माझ्या चपलेत गेली. आत्या माझ्याकडे बघून काहीच बोलली नाही. ते जास्त लागलं.

शाळेचा हॉल, चौदा स्पर्धक. प्रत्येकाच्या टेबलावर ग्लास, ग्लासाला फक्त नंबर, नाव नाही. नियमांचा कागद भिंतीवर : भांग नाही, तयार सिरप नाही, रंग नाही. तरी सहा नंबरची थंडाई बिटासारखी गुलाबी होती आणि 'गुलाबाच्या पाकळ्या जास्त पडल्या' असं तिथल्या वहिनी सगळ्यांना न विचारता सांगत होत्या. परीक्षक तीन : एक केटरर, एक वैद्य, एक डेअरीतून निवृत्त झालेले काका. काका ग्लास प्यायच्या आधी उजेडात तिरका करून कडेला चिकटलेला थर बघायचे. मला तेच खरे परीक्षक वाटले. वैद्य प्रत्येकाला मिरी किती टाकली हे विचारून मान डोलवत होते, बस.

मंदारदादा माझ्या कानात म्हणाला, "अरे, मी अगदी असंच पाहिलंय. फक्त ग्लासात थंडाई नव्हती." तिकडे त्याच्या राज्यात २०१८ पासून गांजाची दुकानं कायद्याने चालतात. एक मित्र त्याला हाताने हॅश, म्हणजे चरसच, करणाऱ्यांच्या स्पर्धेला घेऊन गेला होता. छोट्या काचेच्या बरण्या, त्यावर नुसते नंबर, परीक्षक आधी वास घेतात, मग रंग, मग टोकभर घेऊन तापवतात. मागे काजळी न ठेवता पूर्ण वितळला तो माल सहा ताऱ्यांचा.

"पण करतात कसं?" मी विचारलं.

"बर्फाच्या पाण्यात. फुलांवर चिकाच्या बारीक गाठी असतात, टाचणीच्या डोक्यासारख्या. थंडीने त्या ठिसूळ होतात, ढवळलं की तुटतात आणि तळाशी बसतात. मग गाळायचं. एकात एक घातलेल्या जाळीच्या पिशव्या, छिद्रं दोनशे वीस मायक्रॉनपासून खाली पंचवीसपर्यंत. सगळा खेळ गाळण्याचा." आपल्याकडे मलाणात, कुल्लूच्या डोंगरात, लोक उभ्या झाडाची फुलं तळहातांवर हळूहळू चोळून चरस काढतात, दिवसभर चोळून जेमतेम काही ग्रॅम, हेही त्याला तिथेच कळलं. कुल्लूची गोष्ट कॅलिफोर्नियात ऐकून आला हा गडी! इकडे त्यापायी माणसं तुरुंगात जातात. एक किलोहून जास्त चरस सापडला तर किमान दहा वर्षं.

आत्या मागून ऐकत होती हे आमच्या लक्षात आलं नाही.

"बर्फाचं मला काय सांगतोस," ती म्हणाली. "मी पाट्यावर उगाच वाटते का? मिक्सर तापतो, बदामाला तेल सुटतं, की थंडाई गेली. आणि तुझे बाबा काय म्हणायचे? वरवंटा उचलला की पाटा सोबत उचलला गेला पाहिजे, तेव्हा वाटण झालं." हे भांग घोटणाऱ्यांचं माप, बनारसपासून उज्जैनपर्यंत चालतं. तिने ते बदाम-खसखशीला लावलं होतं.

मग तिने शेवटचं गाळण तिथेच केलं. पिशवीतून घडी केलेलं पांढरं कापड निघालं, धुऊन धुऊन जवळजवळ पारदर्शक झालेलं. दोन टोकं मला धरायला दिली, दोन दादाला. वाटण ओतलं, वर दूध, आणि खालून हाताने नुसतं थोपटत राहिली. पिळू दिलं नाही. "पिळलं की चोथ्याचा कडवटपणा उतरतो." पाच मिनिटं, दहा मिनिटं, थेंब थेंब. माझे हात भरून आले. शेजारच्या टेबलावर स्टीलच्या चाळणीतून काम केव्हाच उरकलं होतं.

पहिलं बक्षीस कळव्याच्या एका रिक्षावाल्याला गेलं. मी त्याची चाखली. बडीशेप इतकी बेताची होती की घोट गेल्यावर आठवत होती. योग्यच निकाल. आत्या तिसरी. गुलाबी थंडाईला उत्तेजनार्थ मिळालं, यावर आत्याचं मत इथे लिहिता येणार नाही. डेअरीवाले काका मात्र बक्षीस समारंभ सोडून आमच्या टेबलाशी आले आणि ते कापड दोन बोटांत चोळून बघत म्हणाले, "हे कुठलं, ताई?"

"ह्यांचं धोतर. चंदेरीचं नव्हे हो, साधं सुती. आता मिळत नाही असं."

परतीच्या गाडीत मंदारदादाने मोबाइलवर त्र्याहत्तर मायक्रॉनची नायलॉनची पिशवी शोधून काढली आणि फोन तिच्यापुढे धरला. आई, ही मागवू का, फाटायचं नाव घेणार नाही.

आत्याने चष्मा लावून फोटो पाहिला, मांडीवरची ओली घडी उलटी केली आणि म्हणाली, "आधी हे फाटू दे."