या महाराज, झाली का झोप?

पालकसभा संपली की एक-दोघं मागे रेंगाळतात. मार्कांचं बोलून झालेलं असतं, तरी पाय निघत नाही. मग आवाज खाली करून विचारतात, "बाई, तुमचं ऐकतात हो ही मुलं. घरी आमच्याशी धड बोलत नाहीत. मोठ्यांना मान द्यायचा, हे यांना शिकवायचं तरी कसं?" तेरा ते सोळा वयाच्या मुलांना मी पंचवीस वर्षं गणित शिकवते आहे. हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की माझं उत्तर तोंडपाठ झालं होतं : "वय आहे हो, निघून जाईल." ते उत्तर म्हणजे शुद्ध पळवाट होती. तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा बसून सांगते.

माझं ऐकतात हे अर्धंच खरं आहे, हे आधी कबूल करते. माझ्या हातात मार्क आहेत आणि मी त्यांच्या आयुष्यात दिवसातून पंचेचाळीस मिनिटं असते. पंचेचाळीस मिनिटं कुणीही शहाण्यासारखं वागतं. मीसुद्धा.

आता मुद्द्याचं. आपल्या भाषेत आदर क्रियापदातच बसवलेला असतो. 'ये' आणि 'या', 'बस' आणि 'बसा'. मोठ्यांना 'या, बसा', लहानांना 'ये, बस'. त्यात काही गैर नाही, मीही मुलांना 'तू'च म्हणते आणि त्या 'तू'मध्ये माया असू शकते. पण चौदा वर्षांच्या मुलाला घरात 'तुम्ही' कधी ऐकायला मिळतं, ते एकदा आठवून पाहा. "या महाराज, झाली का झोप?" "बोला साहेब, आज काय हुकूम?" "बाईसाहेबांना आज आमच्यासाठी वेळ मिळाला वाटतं." भाषेतलं सगळ्यात मानाचं रूप त्याच्या वाट्याला येतं ते फक्त टोमण्यातून. आणि वर आपण विचारतो, याला मान म्हणजे काय ते कळत कसं नाही!

त्यातून हा टोमणा बहुतेक वेळा झोपेवरूनच असतो. वयात येताना मेंदूतलं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक लहान मुलांपेक्षा आणि मोठ्यांपेक्षाही रात्री उशिरा वाढायला लागतं. झोपेची गरज मात्र कमी होत नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं 2014 साली स्पष्टच सांगितलं की या वयाच्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नयेत. म्हणजे अकरा वाजता टक्क जागा आणि सकाळी सहाला मढ्यासारखा पडलेला मुलगा प्रत्येक वेळी आळशी असतो असं नाही. त्याच्या हातातल्या फोनचा दोष आहेच, मी त्याची वकिली करत नाही. पण ज्या गोष्टीवर त्याचा पूर्ण ताबा नाही तिच्यावरून त्याला रोज सकाळी सगळ्यांदेखत महाराज म्हणायचं आणि संध्याकाळी त्यानं आपल्याशी मोकळेपणानं बोलावं अशी अपेक्षा करायची, हे गणित मला कधी सुटलेलं नाही.

यावर हमखास येणारं वाक्य : "आमच्या वेळी वडिलांच्या चपलांचा आवाज आला की घर चिडीचूप व्हायचं." हे अभिमानानं सांगितलं जातं. मी अशाच घरात वाढले. वडिलांसमोर डोळे वर करून बोलायची आमची प्राज्ञा नव्हती. बाहेरच्यांना तो आदर दिसायचा. आतली गोष्ट अशी की मी वडिलांना पूर्ण मान द्यायचे आणि जवळजवळ काहीच खरं सांगायचे नाही. कुठे गेले होते, कुणाबरोबर, पेपर कसा गेला, सगळ्याची दोन उत्तरं तयार असायची. एक घरासाठी, एक माझ्यासाठी. वडील वाईट नव्हते. त्यांना फक्त त्यांच्या मुलीची ओळख नव्हती, आणि ती करून घ्यायची वाट त्यांनीच बुजवली होती.

हे माझ्यापुरतं आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग स्वीडनमधल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. हाकान स्टाटिन आणि मार्गारेट केर या दोन मानसशास्त्रज्ञांनी चौदा वर्षांची मुलं आणि त्यांचे आईवडील यांची पाहणी करून 2000 साली निष्कर्ष मांडले. आईवडिलांना मुलांबद्दल जे ठाऊक असतं, ते त्यांना कळतं कुठून? तोवर समज असा की लक्ष ठेवल्यानं, विचारपूस केल्यानं, नियम लावल्यानं. त्यांना दिसलं ते वेगळं. पालकांच्या माहितीचा सगळ्यात मोठा झरा म्हणजे मुलानं आपणहून सांगितलेल्या गोष्टी. फोन तपासणाऱ्या आईला काय वाटेल माहीत नाही, मला मात्र हे वाचून वडिलांची फार दया आली.

फोनवरून आठवलं. 1989 साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार मंजूर केला. अठरा वर्षांखालच्या सगळ्यांसाठी. त्याचं सोळावं कलम म्हणतं की मुलाच्या खाजगीपणात आणि पत्रव्यवहारात मनमानी ढवळाढवळ होऊ नये. पालकांना हे सांगितलं की चेहरे पडतात. मग मी त्यांना बारावं कलम सांगते, ते मला जास्त आवडतं. ज्या गोष्टींचा मुलावर परिणाम होतो त्यांबद्दल मत मांडायचा त्याला हक्क आहे, आणि त्याचं वय व समज पाहून त्या मताला योग्य तितकं वजन दिलं पाहिजे. 'योग्य तितकं'. सगळं नव्हे, पण शून्यही नव्हे.

इथे मराठीनं आपली चांगलीच पंचाईत केली आहे. 'ऐकणं' या एकाच शब्दात आपण दोन गोष्टी कोंबल्या आहेत. "पोरगं ऐकत नाही" म्हणजे सांगितलं ते करत नाही. आणि "आम्ही किती ऐकायचं याचं?" म्हणजे किती मागण्या पुरवायच्या. कान देऊन समजून घेणं हा अर्थ दोन्हीकडून गळून पडतो. त्यामुळे मी पालकांना "त्याचं जरा ऐका" म्हटलं की त्यांना वाटतं, बाई सांगतायत की हवं ते करू द्या. नाही हो. 'ऐकून घ्या' म्हणते आहे. पूर्ण ऐकून घेतल्यावर 'नाही' म्हणायचा तुमचा अधिकार शाबूत आहे. माझा अनुभव असा की मुलं 'नाही' पचवतात. वाक्य पुरं व्हायच्या आत आलेलं 'नाही' त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका चाचणीत दोन मुलींच्या पेपरात वर्गसमीकरणाच्या एकाच गणितात एकाच पायरीवर तंतोतंत सारखी चूक सापडली. चिन्ह उलटं. चूकही अशी की सहसा कुणी करणार नाही. दोघी शेजारी बसणाऱ्या. मी भर वर्गात दोघींना उभं केलं आणि जे बोलायचं ते बोलले. एक रडली. दुसरी म्हणाली, "बाई, मी कॉपी नाही केली." मी म्हटलं, "उलट उत्तर देऊ नकोस."

घरी उरलेले पेपर तपासताना तीच चूक आणखी सहा जणांकडे निघाली. वर्गाच्या चार कोपऱ्यांत बसणारे सहा जण. वही मागवली आणि पाहिलं. ते चिन्ह फळ्यावर मीच उलटं लिहिलं होतं, मुलांनी इमानानं उतरवून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या दोघींना स्टाफरूमबाहेर बोलावून मी माफी मागितली. मला वाटलं, मी केवढं मोठं मन दाखवलं! जी रडली होती ती "ठीक आहे बाई" म्हणाली. दुसरी थोडा वेळ चपलेनं फरशी घासत उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, बोललात तर वर्गात ना?"

त्या क्षणी मला आधी राग आला, हे लपवत नाही. केवढी आगाऊ, असंच मनात आलं. तास सुरू व्हायला दहा मिनिटं होती. त्या दहा मिनिटांत मी तीन वेळा ठरवलं की काही गरज नाही. मग वर्गात जाऊन फळ्यावर ते चुकीचं गणित पुन्हा तसंच लिहिलं, चूक कुणाची ते सांगितलं, आणि दोघींची नावं घेऊन माफी मागितली. कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या बाकावरून एक आवाज आला, "मग बाई, आमचे मार्क?" मार्क द्यावे लागले.

समवयस्कांसमोरची अब्रू या वयात किती जड असते, ते मला पुढे नीट उमगलं. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायचा खेळ, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की धोका पत्करून पुढे जायचं ते आपण ठरवायचं. किशोरवयीन मुलं एकटी खेळली की बरीचशी मोठ्यांसारखीच खेळत. पाठीशी दोस्त उभे केले की त्यांचं धोका पत्करणं चांगलंच वाढायचं. चोवीस वर्षांपुढच्यांना मागे कुणी उभं असल्यानं फरक पडला नाही. प्रयोग धोक्याबद्दलचा होता, अपमानाबद्दलचा नव्हे, ही जोड माझी आहे. पण बघणाऱ्या डोळ्यांमुळे ज्या वयात पिवळ्या दिव्याचा अर्थ बदलतो, त्या वयात चार मित्रांसमोर ऐकवलेल्या वाक्याचं वजन काय असेल? तेव्हापासून रागवायचं तर मी बाजूला घेऊन रागवते. माफी मागायची वेळ आली तर जिथे बोलले असेन तिथेच.

म्हणजे मित्र व्हायचं का? सोळाव्या वर्षापासून मुलाशी मित्रासारखं वागावं हे सुभाषित मला नेहमी ऐकवलं जातं. मला ते फारसं पटत नाही. मित्र त्याला पुष्कळ आहेत. आणि पंधराव्या वाढदिवसापर्यंत धाक घालून सोळाव्याला खांद्यावर हात टाकला तर मुलगा खांदा झटकतो, त्यात त्याचं काय चुकलं? ढिलं सोडणं म्हणजे मान देणं असंही मला वाटत नाही. अमेरिकेत सातवीच्या मुलांवर झालेला, 2014 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. शिक्षकांनी निबंध कडकच तपासले. काही मुलांच्या पेपरावर एक चिठ्ठी लावली, साधारण अशा अर्थाची : माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पुऱ्या करशील हे मला माहीत आहे, म्हणून एवढ्या चुका दाखवल्या. बाकीच्यांच्या चिठ्ठीत नुसतंच, या सूचना तुझ्यासाठी. पहिल्या चिठ्ठीनंतर निबंध सुधारून आणायचं प्रमाण वाढलं, आणि सगळ्यात जास्त वाढलं ते शाळेवर फारसा विश्वास न उरलेल्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये. लाल शाई तेवढीच. ती कशासाठी, ते मात्र कळलेलं.

आता मुलांचंही थोडं सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी आहेत. आईला फोनमध्ये काही जमत नसलं की तिला समजावतानाचा यांचा सूर ऐकलाय कधी? "अगं आई, किती वेळा सांगायचं? दे इकडे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चमकले. हा सूर ओळखीचा होता. पाढे घेताना आपणच लावत होतो तो. एकदाच काय ती सत्ता त्यांच्या हातात आली आणि त्यांनी ती हुबेहूब आपल्यासारखी वापरली. तरी मी वर्गात त्यांना हे सोडत नाही. आईबाप दमलेले असतात, त्यांचीही चेष्टा लागते, त्यांच्याही खोलीचं दार वाजवून आत जायचं असतं, हे त्यांना कुणीतरी सांगायलाच हवं. फक्त "मोठे आहेत म्हणून" एवढ्यावर ते थांबत नाहीत, आणि थांबू नयेत असंच मला वाटतं. मग सुरुवात कुणी करायची, असा वाद पालकसभेत नेहमी निघतो. चाळिशीतला माणूस आणि चौदाचं पोर समोरासमोर रुसून बसली असली तर मी चाळिशीकडे बघते.

माझी मुलगी आता सतराची आहे. परवा तिच्याकडून फोनवरून पैसे भरायचं शिकत होते, तिसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी तिचा आवाज चढला होता. मी म्हटलं होतं, "मला हे येत नाही, त्याची मलाच लाज वाटते आहे, तू आणखी नको वाढवूस." ती काहीच बोलली नव्हती. या खेपेला तिनं फोन माझ्याच हातात राहू दिला. "वहीत लिहून घे, पायरी-पायरीनं. मी थांबते," म्हणाली. मी एक, दोन, तीन असे आकडे घालून लिहीत गेले. चौथी पायरी चुकीची लिहिली. तिनं पाहिलं, मी पाचवी लिहून होईपर्यंत थांबली आणि मग पेन्सिल मागितली.