काळ्या मातीतलं शिसं: संभाजीनगरच्या नमुन्यांचे आकडे आले

मंडळी, मातीच्या नमुन्यांचे एक्सआरएफचे (क्ष-किरणांनी धातू मोजायच्या तपासणीचे) आकडे हाती आलेत. तांबं आणि निकेल चढं बघून दचकू नका. आपली माती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टची. तांबं, निकेल, व्हॅनेडियम त्या खडकातच भरपूर. म्हणून चिकलठाणा एमआयडीसीच्या कडेची माती आणि पैठणकडच्या कपाशीच्या रानातली माती तांब्याच्या बाबतीत जवळपास सारखीच निघाली. मातीत चुंबक फिरवून कारखान्यांची लोहधूळ ओळखायची चाचणीही आपल्याकडे चालत नाही. मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज मुळातच असल्यामुळे रानातल्या मातीतही चुंबकाला मिशा फुटतात.

शिशाचं वेगळं आहे. बेसॉल्टमध्ये ते जेमतेम, त्यामुळे बाहेरून आलेलं लगेच उठून दिसतं. जुन्या वर्दळीच्या रस्त्याकडेला वरच्या दोन इंचांत शिसं आणि जस्त दोन्हींचे आकडे चढे, फूटभर खाली मात्र कमी. शिसंयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, पण चिकणमातीने धरलेलं शिसं सहजी वाहून जात नाही. जस्त तर टायरच्या झिजेतून रोज पडतंय.

खरा गुंता वाढत्या वस्त्यांत आहे. काळी माती फुगते, आकसते, म्हणून पाया घेताना ती काढून मुरूम भरतात आणि काढलेली माती टिपरने कुणाच्या तरी बागेत जाते. एका भर रहदारीच्या दुभाजकातली माती चक्क रानासारखी स्वच्छ निघाली. चौकशी केली तर नुकतीच आणून टाकलेली. तेव्हा नमुना घेण्याआधी माती कुठली आणि कधी पडली, हे तिथल्या जुन्या माणसांना विचाराच. उन्हाळ्यात भेगाही टाळा. वरची माती भेगेतून हातभर खाली जाते आणि खालचा आकडा उगाच वाढतो.

परसात मेथी-पालक लावणाऱ्यांसाठी: आपली माती चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास, त्यामुळे मुळांतून शिसं कमीच चढतं. पानांवरची धूळ मात्र पोटात जाते. भाजी दोन-तीन पाण्यांतून काढा, आणि मातीत खेळून आलेल्या पोरांचे हात आधी धुवा. लहान मुलांच्या बाबतीत मला यात जराही ढिलाई पटत नाही.

आता पाऊस उघडला की खाम नदीचा काठ घेणार आहे. जालन्याचं कुणी असेल तर पोलादाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिलच्या परिसरातले नमुने हवेत, वरचा आणि फूटभर खालचा असे वेगवेगळे. जस्ताचा मुलामा असलेलं भंगार वितळतं तेव्हा जस्त धुरातून बाहेर पडतं. आणि माती प्लॅस्टिकच्या डब्यातच भरा. जस्ती पत्र्याची बादली वापरली तर जस्ताचा आकडा बाद.