न गोठणारी जिन आणि लॅव्हेंडर-लिंबू

फ्रोझन कॉकटेलच्या पाककृतीत शेवटी एक ओळ हमखास असते: ‘मिश्रण फ्रीझरमध्ये ठेवून गोठू द्या.’ ही ओळ लिहिणाऱ्यांवर माझा अजून राग आहे. 90 मिली जिन, 30 मिली लिंबाचा रस, 30 मिली लॅव्हेंडरचा पाक, सगळं पाककृतीबरहुकूम. रात्रभर ठेवून सकाळी डबा उघडला, तर आत गारेगार पाणी डुचमळतंय आणि वर बर्फाचे चार कण. ग्लासात ओतले तर तेही गायब.

आधी फ्रीझरवर संशय घेतला, तो बिचारा धडधाकट होता. दोष गणिताचा. शुद्ध अल्कोहोल उणे 114 अंश सेल्सिअसला गोठतं आणि घरातला फ्रीझर जेमतेम उणे 18 पर्यंत जातो. वरच्या मापात 40 टक्क्यांची जिन धरली तर मिश्रणात 24 टक्के अल्कोहोल उरतं. त्यात साखरही गोठू देत नाही. तापमान आणखी खाली नेणं आपल्या हातात नाही, मग उरतं काय? पाणी. जिनमध्ये पाणी ओतायला जिवावर येतं, पण अल्कोहोल 10 टक्क्यांच्या आसपास आलं की चमचा उभा राहील असा भुगा जमतो. माझं आताचं माप: जिन 90, रस 45, पाक 75, पाणी 150 मिली. सगळं मिळून 360. पाणी वाढलं तशी साखरही वाढवावी लागते, नाहीतर दगड होतो आणि सुरी घेऊन बसावं लागतं.

हे एका ओळीत सांगता आलं असतं की नाही? पण नाही. ‘गोठू द्या’ म्हणे!

डब्याऐवजी झिपची पिशवी घ्या, हवा काढून आडवी ठेवा. पातळ थर लवकर गोठतो, आणि मधूनमधून बाहेरूनच चुरगळता येतो.

पाकाचं फारसं काही नाही. साखर आणि पाणी समान वजनाचं, साखर विरघळली की गॅस बंद, मग 200 ग्रॅम साखरेला एक मोठा चमचा सुकी लॅव्हेंडर फुलं. दहा-पंधरा मिनिटांत गाळायचंच. जास्त वेळ मुरली की साबण चाटल्यासारखं लागतं. फुलं खाण्यासाठी म्हणून विकली जाणारीच घ्या, गुच्छातल्या फुलांवर काय फवारलंय कुणास ठाऊक. लिंबू पाक गार झाल्यावरच पिळायचं.

गोठवण्याआधी चव घेतली की ‘बाई गं, किती गोड!’ असं वाटायला हवं. थंडीत जीभ गोडवा कमी टिपते आणि वासही दबतो. म्हणून लिंबाची साल वाढताना वरून किसते, फक्त पिवळा भाग, पांढरा कडू असतो.

पाहुणे दारात असतील तर पाण्याच्या जागी 150 ग्रॅम बर्फ घालून मिक्सरमधून काढा. चालतं. पण पटकन प्यावं लागतं, थोड्या वेळात वर पांढरा चुरा आणि खाली पाणी अशी फारकत होते. ग्लास मात्र दोन्ही प्रकारांत आधीच फ्रीझरमध्ये ठेवायचे, आणि मिक्सर वापरणार असाल तर त्याचं भांडंही. भांडं काचेचं असेल तर ते फ्रीजमध्येच बरं.