कोरा पेपर देणारी मुलं

काही दिवसांपूर्वी नववीच्या वर्गात टेस्ट घेतली. पेपर वाटून पाच मिनिटंही झाली नसतील, शेवटच्या बेंचवरची एक मुलगी उठली आणि पेपर आणून टेबलावर ठेवला. नाव, रोल नंबर, तारीख, खाली सगळं पांढरं. मी म्हटलं अगं निदान पहिला प्रश्न तरी वाच. "मूड नाही मॅडम" म्हणाली, जागेवर गेली आणि बेंचवर डोकं ठेवून पडून राहिली, घंटा होईपर्यंत.

आधीच्या काळात मी अशा वेळी काय करायचे ते मला चांगलं आठवतंय. भर वर्गात बोलायचे. "आई-वडील कशासाठी शाळेत पाठवतात", "पुढे काय करणार आहेस", "बाकीच्यांकडे बघ जरा". आणि वाटायचं की आपण आपलं कर्तव्य केलं. आज ते आठवलं की वाईट वाटतं, कारण त्या बोलण्यातली एकही गोष्ट त्या मुलांना नवीन नव्हती, ती सगळी त्यांनी घरी शंभर वेळा ऐकलेली होती.

आता मी त्या दोन शब्दांकडे बघते, "मूड नाही". "येत नाही" असं ती म्हणाली नाही हे महत्त्वाचं आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला वर्गात आळशी म्हटलेलं चालतं, उद्धट म्हटलेलं तर बऱ्यापैकी आवडतं सुद्धा, पण ढ म्हटलेलं चालत नाही. मनापासून अभ्यास केला आणि तरी नापास झालो तर त्याचा अर्थ एकच निघतो की माझ्यातच काहीतरी कमी आहे, आणि अभ्यासच केला नाही आणि नापास झालो तर "केलाच नव्हता ना" म्हणायला जागा राहते. मार्टिन कॉव्हिंग्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच हे मांडलं होतं की शाळेत मुलं स्वतःची किंमत वाचवायला धडपडत असतात, आणि प्रयत्न न करणं हा ती वाचवायचा एक मार्ग असतो. मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर एकामागून एक चेहरे यायला लागले. कोरा पेपर म्हणजे बेफिकिरी नाही, बहुतेक वेळा ती ढाल असते. आणि आपण शिक्षक त्या ढालीवरच काठ्या मारत बसतो.

हे मला ज्या मुलामुळे कळलं त्याच्याबद्दल सांगते. दहावीत होता, अंगाने दांडगा, गणिताच्या तासाला कायम मागे, वही नाही, पेन नाही, मध्येच काहीतरी बोलून वर्ग हसवायचा. स्टाफरूममध्ये त्याचं नाव निघालं की सगळे मान हलवायचे. एकदा शाळा सुटल्यावर मी त्याला थांबवलं, शिक्षा म्हणूनच थांबवलं होतं खरं तर, आणि का कोण जाणे मी दहावीचं काही न देता एका कागदावर अगदी खालच्या वर्गांची गणितं लिहून दिली, गुणाकार, भागाकार, अपूर्णांक, ऋण संख्या, प्रत्येकाची दोन-तीन. गुणाकार पटापट केले. भागाकार अडखळत पण केले. मग प्रश्न होता, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? त्याने एक चतुर्थांश लिहिलं. मी विचारलं का रे, तर म्हणाला "चार मोठे ना तिनापेक्षा".

तो पाचवीपासून तिथे अडकून होता. पाच वर्षं रोज तो अशा तासाला बसत होता जिथे फळ्यावरचं काहीही त्याच्यासाठी नव्हतं, आणि आम्ही सगळे त्याला लक्ष देत नाही म्हणून ओरडत होतो. कशाकडे लक्ष देणार होता तो? आपल्याला अजिबात न येणाऱ्या भाषेतलं भाषण रोज पाऊण तास ऐकायला बसवलं तर आपण तरी काय करू, आपणही शेजारच्याशी बोलायला लागू.

मी एक कागद घेतला, त्याची घडी घालून चार भाग केले, दुसऱ्याचे तीन केले, आणि एकेक भाग त्याच्या हातात दिला. कुठला मोठा? तो बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे जेवढे जास्त भाग तेवढा भाग बारीक". आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. मी त्या दिवशी घरी जाऊन रडले.

१९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकले असतील, क्रूरच होते ते. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके बसत होते आणि काहीही केलं तरी ते थांबत नव्हते, त्यांना नंतर अशा जागी ठेवलं की छोटा अडथळा ओलांडला की सुटका, तरी त्यातले बरेचसे जागचे हललेच नाहीत. त्याला शिकलेली असहायता म्हणतात. पण याच्या पुढच्या दोन गोष्टी फार कोणी सांगत नाही आणि शिक्षकांसाठी त्याच जास्त कामाच्या आहेत. एक म्हणजे त्या कुत्र्यांना बोलावून, आमिष दाखवून उपयोग झाला नाही, त्यांना पट्टा धरून त्या अडथळ्यापलीकडे पुन्हा पुन्हा स्वतः ओढत न्यावं लागलं, तेव्हा कुठे त्यांच्या अंगात शिरलं की इथून बाहेर पडता येतं. दुसरी म्हणजे २०१६ मध्ये त्याच दोघांनी आपलं जुनं स्पष्टीकरण उलटं केलं, की हताश होऊन पडून राहणं शिकावं लागत नाही, सतत त्रास झाला की मेंदू आपोआपच तसा वागतो, शिकावं लागतं ते "माझ्या करण्याने फरक पडतो" हे.

मला हे फार पटतं. म्हणून प्रेरणादायी भाषणांवरचा माझा विश्वास पूर्ण उडालाय. पाहुणे बोलावतात, हॉलमध्ये टाळ्या होतात, मुलं भारावतात सुद्धा, आणि दुसऱ्या दिवशी तेच समीकरण फळ्यावर आलं की परत तीच भिंत. आधी मोटिव्हेशन येईल आणि मग मूल अभ्यास करेल असं आपण धरून चालतो, माझ्या अनुभवात बहुतेकदा उलटं होतं, आधी काहीतरी जमतं आणि त्यानंतर इच्छा येते.

त्यामुळे माझं अर्ध काम आता एवढंच असतं की हे मूल नक्की कुठल्या पायरीवर अडकलंय ते शोधायचं आणि त्याच्या एक पायरी खालून सुरू करायचं. वीस गणितांच्या ऐवजी सहा, त्यातली पहिली दोन त्याला नक्की येणारी, आणि उरलेल्या चारातली कुठली दोन करायची हे त्याने ठरवायचं. हे ठरवू देणं फालतू वाटतं पण तसं नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मनापासून काम करण्यासाठी माणसाला तीन गोष्टी लागतात असं म्हटलंय, थोडंसं स्वतःच्या मनाने ठरवता येणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि आपलं कुणीतरी आहे असं वाटणं. मागच्या बेंचवरच्या मुलाचा शाळेतला एक अख्खा दिवस डोळ्यासमोर आणा, या तीनपैकी त्याला किती मिळतात ते बघा.

कौतुकाचंही तसंच. "हुशार आहेस रे तू, फक्त अभ्यास करत नाहीस" हे वाक्य मी शेकडो वेळा बोललेय आणि चांगल्या मनाने बोललेय. आता बोलत नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांचा १९९८ चा अभ्यास आहे, ज्या मुलांना हुशार म्हणून शाबासकी दिली ती पुढे अवघड प्रश्न आल्यावर लवकर खचली, आणि आपले मार्क दुसऱ्यांना सांगताना त्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून सांगितले. आणि कोऱ्या पेपरवाल्या मुलाला तर "हुशार आहेस पण" म्हणजे ढालीला आणखी एक पत्रा ठोकून दिल्यासारखं आहे, आता तो कशाला प्रयत्न करून ती हुशारी पणाला लावेल? त्यापेक्षा "इथे तू छेद सारखे करून घेतलेस म्हणून उत्तर आलं" एवढं एकच वाक्य, तेही फक्त त्याला ऐकू जाईल असं.

चुका दाखवायच्या असतात तेव्हाही मी आता आधी एक ओळ लिहिते. डेव्हिड यीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे तपासलं होतं, निबंधावर शेरे देताना काही मुलांना एक चिठ्ठी दिली, की माझी तुझ्याकडून अपेक्षा मोठी आहे आणि तू तिथे पोचू शकतोस हे मला माहितीय म्हणून मी हे लिहितेय. ती मिळालेल्या मुलांनी निबंध सुधारून परत लिहिण्याचं प्रमाण वाढलं, आणि ज्यांचा शाळेवर आधीच विश्वास कमी होता त्यांच्यात फरक सगळ्यात जास्त दिसला. त्यांना लाल शाईचा अर्थच आजवर "तू नकोसा आहेस" असा लागत आलेला असतो. मात्र हे खोटं खोटं लिहून चालत नाही, मुलांना लगेच कळतं.

बक्षिसं, स्टार, चॉकलेट याबद्दल थोडक्यात सांगते, ज्याला मुळातच आवड आहे त्याच्या आवडीला बक्षीस लावू नका, ती आवड कमी होऊ शकते. ज्याने पुस्तक उघडलेलंच नाही त्याला सुरुवातीला छोटा धक्का म्हणून चालतं, पण लवकर बंद करा.

आता भांडणाऱ्या, शिव्या देणाऱ्या, दार आपटून जाणाऱ्या मुलांबद्दल. यात मी सगळ्यात जास्त चुका केल्यात. एका मुलाला मी सगळ्यांसमोर म्हटलं, आत्ताच्या आत्ता माफी माग नाहीतर वर्गाबाहेर जा. तीस जण बघतायत, त्या वयात त्या तीस जणांसमोर मान खाली घालण्यापेक्षा काहीही परवडतं. तो गेला बाहेर, जाताना खुर्ची लाथाडून गेला, आणि नंतर महिनाभर माझ्या तासाला बसला नाही. मी त्याला मागे यायला वाटच ठेवली नव्हती. आता असं काही झालं की मी आवाज वाढवायच्या ऐवजी कमी करते, जवळ जाते पण समोरून नाही, बाजूला उभी राहते, "पुस्तक उघड, आपण नंतर दोघंच बोलू" एवढं म्हणते आणि तिथून निघून दुसऱ्याच्या वहीत बघायला लागते. निघून जाणं महत्त्वाचं. डोक्यावर उभं राहिलं की तो ऐकणार नाही, पाठ फिरवली की मिनिटभराने पुस्तक उघडतं, कायम नाही पण बऱ्याचदा.

आणि झोप. हे कुणी विचारतच नाही. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, रात्री लवकर झोप येत नाही, आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. सकाळच्या पहिल्या तासाला डोळे मिटणाऱ्या मुलाला मी आता आधी एवढंच विचारते, रात्री किती वाजता झोपलास? आणि कधीकधी त्या उत्तरातून भलतंच काही बाहेर येतं. घरात रात्रभर भांडणं चालू असतात. कुणीतरी आजारी असतं. एखादी मुलगी लहान भावंडांना सांभाळत असते. असं काही कानावर आलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन मी देत नाही, आधीच सांगते की तुला धोका असेल तर मला योग्य माणसापर्यंत न्यावं लागेल, पण तुला सांगितल्याशिवाय नेणार नाही. मारहाण, स्वतःला इजा, जगून काय करू अशी भाषा, अचानक सगळ्यांपासून तुटणं, हे एकट्या शिक्षकाने अंगावर घ्यायचं नसतं, त्याच दिवशी काउन्सेलर आणि मुख्याध्यापकांपर्यंत जायचं.

मग आपल्या हातात काय उरतं? बरंच. एमी वर्नर यांनी हवाईच्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातले कलह, आई-वडिलांची आजारपणं अशी जोखीम ज्यांच्या वाट्याला आली होती त्यातली साधारण एक तृतीयांश तरी नीट, सावरलेली माणसं झाली. आणि त्यांच्या आयुष्यात कुणीतरी एक तरी मोठं माणूस होतं जे त्यांना धरून राहिलं, कधी आजी-आजोबा, कधी शेजारचं कुणी, कधी शिक्षक. म्हणजे ते माणूस आपण असू शकतो, आणि आपण आहोत की नाही हे आपल्याला त्या वेळी कळत नाही. मला न कळलेली, हातातून सुटलेली मुलं पण आहेत. अपूर्णांकवाला मुलगा पास झाला, खुर्ची लाथाडणाऱ्याने शाळा सोडली, आता कुठे आहे मला माहीत नाही.

शिक्षकांमध्ये एक जुनी युक्ती एकमेकांना सांगितली जाते, दोन मिनिटं, दहा दिवस. ज्या मुलाशी काहीच जमत नाही त्याच्याशी सलग दहा दिवस रोज दोन मिनिटं बोलायचं, अभ्यास, मार्क, वागणूक यातलं काही काढायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिले चार दिवस भिंतीशी बोलल्यासारखं होतं.

टेस्टच्या दुसऱ्या दिवसापासून मी त्या मुलीबरोबर हे सुरू केलंय. पहिल्या दिवशी तिने खांदे उडवले. दुसऱ्या दिवशी "हं". तिसऱ्या दिवशी तिच्या वहीच्या मागच्या पानावर पेनने काढलेले डोळे दिसले, नुसते डोळे, पापण्यांसकट, पानभर. मी विचारलं कुणाचे आहेत, तर वही मिटली. काल मी काही विचारायच्या आधी तिनेच वही उघडून माझ्याकडे सरकवली आणि दुसरीकडे बघत बसली. "माझ्या मांजराचे" म्हणाली. मी म्हटलं डावा जरा जास्त छान आलाय, तर म्हणाली "उजवा तीनदा खोडला मॅडम, तरी नाही जमला".

जी मुलगी पाच मिनिटांत कोरा पेपर देते ती एक डोळा तीनदा खोडून परत काढते. मी त्यावर काहीच बोलले नाही. अजून सहा दिवस आहेत. तिच्यासाठी सहा गणितांचा कागद तयार करून बॅगेत ठेवलाय, पण तो दहाव्या दिवसानंतर.